कोल्ह्यासाठी रायफल: .२२, .१७ एचएमआर, .२२३ की .२४३?

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात जमीन घेऊन मेंढ्या पाळायला लागलं की पहिल्याच हिवाळ्यात कोल्ह्याशी गाठ पडते. थंडीत कोकरं जन्मू लागतात आणि रात्री कुंपणापलीकडे डोळे चमकायला लागतात. १८७०च्या सुमारास शिकारीच्या हौसेपोटी इथे सोडलेला हा युरोपीय लाल कोल्हा आता टास्मानिया आणि उत्तरेचा उष्ण पट्टा वगळता जवळपास सगळ्या ऑस्ट्रेलियात पसरला आहे. इथल्या लहान प्राण्यांचा त्याने फडशा पाडला, म्हणून त्याला मारायला कायद्याची आडकाठी नाही. (भारतातल्या शेतावर मात्र यातलं काही करू नका. तिथे कोल्हा आणि खोकड दोघांनाही १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे.)

बंदूक घ्यायची तर आधी परवाना. ‘ए’ प्रवर्गात साध्या रिमफायर रायफली येतात (काडतुसाच्या बुडाच्या कडेवर ठोका बसणाऱ्या, कमी जोराच्या: .२२ एलआर, .१७ एचएमआर), ‘बी’ प्रवर्गात सेंटरफायर (बुडाच्या मध्यावर ठोका बसणाऱ्या, जास्त जोराच्या: खालच्या बाकी सगळ्या). अर्ज करतानाच दोन्ही मागून घ्या, कारण कोल्ह्याचा खरा बंदोबस्त ‘बी’मध्ये आहे. शिवाय प्रत्येक बंदुकीच्या खरेदीला वेगळी परवानगी लागते.

कोल्हा भरतो जेमतेम पाच-सात किलो, आणि त्याची छाती, म्हणजे जिथे गोळी लागली की तो जागीच आडवा होतो, ती तळहाताएवढी. म्हणजे ताकद फार लागत नाही, नेम लागतो. अंतर किती आणि कोल्ह्याच्या मागे काय आहे, या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की बोअर, म्हणजे नळीची रुंदी (.२२, .२४३ हे आकडे साधारण तीच इंचात सांगतात), आपोआप ठरतो.

.२२ एलआर (लाँग रायफल) सगळ्यांकडे असते. स्वस्त, खांद्याला धक्का नाहीच, सशांना उत्तम. पण ४० ग्रेनच्या (अडीचएक ग्रॅमच्या) गोळीत नळीच्या तोंडाशी जेमतेम दोनशे ज्यूल जोर असतो. पन्नास मीटरच्या आत, शांतपणे उभ्या कोल्ह्यावर चालेल. त्यापुढे जखमी करून पळवून लावाल, आणि ते क्रूर आहे. दुसरी भानगड म्हणजे ही संथ, जड गोळी दगडावर किंवा कडक जमिनीवर आपटून भलतीकडेच उसळते. छोटी गोळी म्हणजे सुरक्षित, असं समजणाऱ्यांनी हे नीट ध्यानात घ्यावं.

.१७ एचएमआर (हॉर्नडी मॅग्नम रिमफायर) २००२मध्ये आली आणि लोक तिच्या प्रेमातच पडले. १७ ग्रेनची, म्हणजे जेमतेम एक ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ७७५ मीटर वेगाने जाते आणि लागली की फुटते, त्यामुळे उसळण्याचा धोका बराच कमी. दुखणं वाऱ्याचं. ताशी सोळा किलोमीटरचा आडवा वारा तिला शंभर मीटरवर दहाएक सेंटिमीटर बाजूला नेतो, म्हणजे तळहाताएवढी छाती चुकली. व्हिक्टोरियाच्या पश्चिमेच्या मोकळ्या माळावर वारा नसलेली रात्र शोधावी लागते. म्हणून कोल्ह्यासाठी ऐंशी मीटरच्या पुढे मी ती वापरणार नाही.

.२२ हॉर्नेट या दोघींच्या वरची, जुनी आणि देखणी. दीडशे मीटरपर्यंत काम चोख, आवाज बाकी सेंटरफायरच्या मानाने सौम्य. इथे सायलेन्सर सहसा मिळतच नाही, तेव्हा शेजारी जवळ असतील तर हे महत्त्वाचं. पण काडतुसं महाग पडतात आणि हवी तेव्हा मिळतील याचा भरवसा नाही.

आता .२२३ रेमिंग्टन. १९६४ची, सैन्याच्या ५.५६ मिलिमीटर काडतुसाची सख्खी बहीण, त्यामुळे काडतुसं गावोगावी आणि परवडणारी. ५५ ग्रेनची गोळी सेकंदाला हजाराच्या आसपास मीटर वेगाने निघते, जोर सतराशे ज्यूलच्या घरात. तेवढ्याच वाऱ्यात शंभर मीटरवर ती तीनेक सेंटिमीटरच सरकते. अडीचशे मीटरपर्यंत निर्धास्त. धक्का इतका कमी की गोळी लागलेली दुर्बिणीतून दिसते. माझं मत विचाराल तर शेत मोठं असेल तर डोळे मिटून हीच घ्या.

.२२-२५० आणखी वेगवान, तीनशे मीटरच्या पुढच्यांसाठी. नळी लवकर तापते आणि झिजते. एवढ्या लांबचा कोल्हा तुम्हाला खरंच मारायचाय का?

.२४३ विंचेस्टर कोल्ह्याला जास्तच होते, पण फॅलो हरणांचाही त्रास असेल तर तिला अर्थ आहे: फॅलोसाठी इथे किमान .२४३ आणि ८० ग्रेनची गोळी लागते. सांबरासाठी तीही पुरत नाही, किमान .२७० हवी. (हो, आपलंच सांबर, १८६०च्या दशकात इथे आणून सोडलेलं.) धक्का जास्त, काडतूस महाग, आवाज दरीभर.

दहा एकराचं शेत आणि चहूबाजूंनी घरं असतील, तर यातली एकही रायफल नको. गोळी चुकली तर अडवणारा मातीचा उतार मागे नसेल तिथे चाप ओढायचाच नाही, मग बोअर कोणताही असो. तिथे मारेमा जातीचा, कळप राखणारा कुत्रा पाळा. वॉर्नमबूलजवळच्या मिडल आयलंडवर कोल्ह्यांनी पेंग्विनांची वसाहत जवळपास संपवली होती. २००६पासून तिथे हीच कुत्री राखणीला ठेवली.

.२२३ घेतलीत, तर उरलेले पैसे दुर्बिणीवर घाला. शंभर मीटरवर गोळी नेमापेक्षा चार सेंटिमीटर वर लागेल अशी ती बसवून घ्या. मग दोनशे मीटरपर्यंत छातीच्या मध्यावर नेम धरला की पुरतं, अंधारात अंतराचा हिशेब मांडत बसावं लागत नाही.