फिजिओथेरपीची पदवी: एक अभिप्राय
नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातून मी फिजिओथेरपीची पदवी घेतली. माझ्या वेळी चार वर्षांचे शिक्षण आणि सहा महिन्यांची आंतरवासिता (इंटर्नशिप) असलेल्या या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्राचा भार फार असतो. मात्र शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभे राहून खांद्याच्या सांध्याभोवतीचे वेष्टन प्रत्यक्ष पाहिले, की फ्रोझन शोल्डरच्या, म्हणजे खांदा आखडलेल्या, रुग्णाचा हात वर का जात नाही, हे नेमके उमगते, आणि माझ्या मते या पदवीचे खरे मोल तेथेच आहे. आमचे ग्रंथालय अपुरे होते, परंतु संलग्न रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात गर्दी असल्याने हाताला सराव भरपूर मिळाला. प्रवेश घेण्यापूर्वी इमारतीपेक्षा हा विभाग अवश्य पाहावा.