झोन पोर्टवर बांधावा की डब्ल्यूडब्ल्यूपीएनवर?

फायबर चॅनल स्टोरेज नेटवर्कमध्ये कोणाला कोण दिसावं हे स्विचवरचे ‘झोन’ ठरवतात. झोनमध्ये डिव्हाइस लिहायचं ते एकतर स्विचच्या पोर्टने, नाहीतर डब्ल्यूडब्ल्यूपीएनने, म्हणजे डिव्हाइसच्या पोर्टच्या स्वतःच्या ओळख-आकड्याने. फॅब्रिक (जोडलेल्या स्विचचं जाळं) नवं असेल तर पहिला झोन लिहिण्याआधीच हे ठरवून टाकलेलं बरं. नंतर पद्धत बदलायची म्हटलं की प्रत्येक झोन नव्याने लिहावा लागतो, तोही चालू प्रॉडक्शनवर.

आधी एक जुना गैरसमज. ‘पोर्टवरचं झोनिंग हार्ड, डब्ल्यूडब्ल्यूपीएनवरचं सॉफ्ट’ असं अजूनही सर्रास बोललं जातं. आजच्या स्विचमध्ये दोन्हींची अंमलबजावणी हार्डवेअरच करतं. घोळ होतो तो सरमिसळीने. ब्रोकेड कंपनीच्या स्विचवर एकच डिव्हाइस एका झोनमध्ये पोर्टने आणि दुसऱ्या झोनमध्ये डब्ल्यूडब्ल्यूपीएनने आलं, की प्रत्येक फ्रेम तपासली जाण्याऐवजी फक्त लॉगिन तपासलं जातं. तेव्हा कुठलंही एक निवडा, पण एकच.

पोर्टच्या बाजूने दोन गोष्टी खऱ्याच आहेत. डब्ल्यूडब्ल्यूपीएन हा शेवटी एचबीएने (सर्व्हरमधल्या फायबर चॅनल कार्डाने) स्वतःच सांगितलेला आकडा. तो बदलून दुसऱ्याचं सोंग घेता येतं. भौतिक पोर्टचं सोंग घेता येत नाही. शिवाय एचबीए बदललं तरी झोनला हात लावावा लागत नाही. हा दुसरा फायदा मात्र अर्धाच म्हणायचा. अॅरेवरचं (डिस्क साठवणाऱ्या यंत्रावरचं) लन मास्किंग, म्हणजे कुठल्या सर्व्हरला कुठली डिस्क दिसावी हे ठरवणं, डब्ल्यूडब्ल्यूपीएननेच चालतं, त्यामुळे नवं कार्ड आलं की स्टोरेजवाल्याला उठावं लागतंच. एलियस (डब्ल्यूडब्ल्यूपीएनला दिलेली नावं) नीट बांधलेले असतील तर झोनकडचं काम म्हणजे एलियसमधला जुना आकडा काढून नवा घालणं आणि कॉन्फिग पुन्हा इनेबल करणं.

माझ्यासाठी पारडं झुकलं ते केबल हलवण्यावरून. एसएफपी (स्विचच्या पोर्टमधला, केबल जोडायचा ट्रान्सीव्हर) गेला की हाताशी असलेला उपाय एकच: केबल शेजारच्या रिकाम्या पोर्टला लावणं. डब्ल्यूडब्ल्यूपीएन झोनिंगमध्ये डिव्हाइस नव्या एफसीआयडीने (फॅब्रिकने दिलेल्या पत्त्याने) लॉगिन होतं आणि काम पुढे चालू. (आयबीएमच्या एआयएक्सवर डायनॅमिक ट्रॅकिंग, म्हणजे हा पत्ता बदलला तरी डिव्हाइस ओळखायची सोय, चालू आहे ना, तेवढं आधी पाहून ठेवा.) पोर्ट झोनिंगमध्ये पाथ तर येत नाहीच, वर झोन दुरुस्त करताना आणखी एक खड्डा असतो. डायरेक्टरवर (ब्लेड बसवायच्या मोठ्या स्विचवर) झोनमध्ये लिहायचा इंडेक्स आणि ब्लेडवर दिसणारा स्लॉट-पोर्ट हे एक नसतात. इंडेक्स स्विचशो कमांडच्या यादीतूनच घ्यावा लागतो. घाईत इथेच चूक होते.

त्याहून वाईट म्हणजे मागे राहिलेला जुना झोन. सोडलेला पोर्ट त्या झोनमध्ये तसाच असतो, आणि पुढे त्यात जो सर्व्हर लागेल तो आयताच आत शिरतो. डिस्क अॅरेवर मास्किंग वाचवतं. टेप ड्राइव्हसमोर मात्र बहुतेक ठिकाणी झोनशिवाय दुसरी आडकाठी नसते, त्यामुळे परक्या सर्व्हरचा एखादा रीसेट चालू बॅकअप मोडू शकतो.

एनपीआयव्ही (एकाच पोर्टवर अनेक आभासी पोर्ट चालवायची सोय) वापरत असाल तर निवड जवळपास झालेलीच आहे. एका पोर्टमागे कित्येक आभासी डब्ल्यूडब्ल्यूपीएन असतात आणि पोर्ट झोन त्या सगळ्यांना सरसकट आत घेतो. एलपारच्या (आयबीएम पॉवर सर्व्हरवरच्या आभासी सर्व्हरच्या) आभासी अडॅप्टरला दोन डब्ल्यूडब्ल्यूपीएन असतात. दुसरा मायग्रेशनच्या (एलपार दुसऱ्या मशीनवर हलवण्याच्या) वेळीच लॉगिन होतो, तरी तोही आधीच झोनमध्ये हवा. स्विच बदलताना डोमेन आयडी (स्विचचा फॅब्रिकमधला क्रमांक, पोर्ट झोनमध्ये तोच लिहिलेला असतो) बदलला तर त्या स्विचवरचे सगळे पोर्ट झोन हवेत लटकतात, हेही आलंच.

डब्ल्यूडब्ल्यूपीएनची कटकट एकच, पण चिवट. सोळा हेक्स अक्षरांत एक चुकलं तरी स्विच हूं की चूं करत नाही. अस्तित्वातच नसलेला सदस्य घेऊन झोन निमूट तयार होतो. आकडा हाताने टाइप करू नका, नेम सर्व्हरमधून (लॉगिन झालेल्या डिव्हाइसच्या फॅब्रिकमधल्या यादीतून) उचला, आणि डब्ल्यूडब्ल्यूएनएन (पोर्टचा नव्हे, अख्ख्या डिव्हाइसचा आकडा) उचलला गेला नाही ना ते बघा. अॅक्टिव्हेट केल्यावर सदस्य खरोखर दिसतोय का हे तपासा. गंमत म्हणजे सिस्कोच्या अॅक्टिव्ह झोनसेटमध्ये सदस्यापुढे तारा (*) म्हणजे तो लॉगिन आहे, तर ब्रोकेडच्या झोन व्हॅलिडेट कमांडमध्ये तारा म्हणजे तो सदस्य जागेवर नाही. दोन्ही सांभाळणाऱ्यांनी हे लिहून चिकटवून ठेवावं.

बाकी शिस्त दोन्हीकडे सारखीच: एका झोनमध्ये एकच इनिशिएटर (सर्व्हरच्या बाजूचा पोर्ट), बदल आधी एका फॅब्रिकवर, मल्टिपाथमध्ये (सर्व्हरपासून स्टोरेजपर्यंतच्या अनेक वाटांत) सगळे पाथ परतले की मगच दुसऱ्यावर.

मेनफ्रेमचं फायकॉन (मेनफ्रेमची फायबर चॅनलवरची स्टोरेज जोडणी) असेल, किंवा केबलिंग कुलपाआड आणि ठरलेल्याच हातांत असेल, तर पोर्ट झोनिंगला मी नाही म्हणणार नाही. फक्त केबल हलली की मोकळा झालेला पोर्ट आधी झोनमधून काढा, आणि तो रीबूटनंतरही बंदच राहील अशा तऱ्हेने बंद करा.