सहा इंची ई-रीडरवर जुन्या प्रणयकादंबऱ्या : बरेच महिने वापरल्यावर

पावसाळ्याच्या तोंडावर घेतला होता हा ई-रीडर, आता द्राक्षांचा सीझन संपत आलाय म्हणजे बऱ्यापैकी वापरून झालाय, तेव्हा लिहिते. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, सहा इंचवाले सगळे थोड्याफार फरकाने सारखेच असतात आणि मला सांगायचंय ते जरा वेगळं आहे. मी यावर जवळजवळ फक्त जुन्या प्रणयकादंबऱ्या वाचते, फडके-खांडेकरांपासून ते सत्तर-ऐंशीच्या दशकात गल्लीतल्या सर्क्युलेटिंग लायब्ररीत रोजच्या भाड्याने मिळायच्या त्या सगळ्या. आणि माझ्याइतकंच आईही वाचते, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला बारीक छपाई झेपत नाही, म्हणून तर घेतला.

आधी यंत्राबद्दल. याच्या ई-इंक स्क्रीनमध्ये काळे-पांढरे कण असतात, पान उलटलं की ते हलतात आणि तसेच राहतात, त्यामुळे बॅटरी खर्च होते ती मुख्यतः पान उलटताना आणि लाइट लावला तर. चार्जर आठवडेच्या आठवडे कपाटात पडून असतो. गंगापूर रोडला आमच्या गच्चीत भर दुपारी उन्हातही स्वच्छ दिसतं, मोबाइलवर ते शक्य नाही. लाइट थोडा पिवळसर करता येतो, रात्री तोच लावा. फॉन्ट मोठा केला की एक गोष्ट मात्र खटकते, आपले शब्द लांब, ओळ दोन्हीकडून सरळ ठेवली की मधे भगदाडं पडतात. सेटिंगमध्ये जाऊन डावीकडून सरळ एवढंच ठेवा, लगेच सुधारतं. आईच्या फॉन्टला एका ओळीत चार-पाच शब्दच मावतात, पण ती म्हणते, "असू दे गं, संवाद तर छोटेच असतात." खरंय, या कादंबऱ्या बऱ्याचशा संवादांवरच चालतात.

आता खरी गंमत. कागदाचं पुस्तक हातात असलं की उजव्या अंगठ्याखालची जाडी सगळं सांगून टाकते. नायक-नायिकेचं जुळत आलंय आणि अजून साठ पानं शिल्लक आहेत म्हणजे एक पत्र चुकीच्या हातात पडणार किंवा कोणीतरी मुंबईला निघून जाणार, हे ठरलेलंच. ई-रीडरवर तळाशी टक्के दिसतात ते मी बंद करून टाकले आणि काय सांगू, पंधराव्या-सोळाव्या वर्षी वाचताना जो जीव टांगणीला लागायचा तो पुन्हा लागला! फडके प्रकरण कुठे तोडतात, भेट किती लांबवतात, हे सगळं नव्याने दिसलं. 'दौलत' 1929 ची, आणि कथेच्या तंत्रावर त्यांनी 'प्रतिभासाधन'मध्ये एवढं लिहिलं, तरी आपल्याकडे त्यांना गुळगुळीत म्हणून बाजूला सारायची पद्धत पडलीय, मला ते अजिबात पटत नाही. वाचकाला पुढच्या पानावर नेणं हे मोठं काम आहे. आईला मात्र टक्के चालू लागतात, शेवट गोड आहे ना याची तिला आधी खात्री हवी असते.

मागे जाणं मात्र अवघड. या प्रकारच्या पुस्तकात आपण आवडतं पान चार वेळा उघडतो, पहिल्या भेटीचं किंवा पत्राचं, कागदावर बोट बरोबर तिथेच जातं. इथे बुकमार्क केला नसेल तर शोधत बसा.

ज्यांना वाटतं ई-बुक म्हणजे गंभीर वाचकांची सोय, त्यांच्यासाठी सांगते, तिकडे परदेशात प्रणयकथा वाचणाऱ्या बायकांनीच सुरुवातीला हे प्रकरण उचलून धरलं. भराभर वाचणारे वाचक, स्वस्त पुस्तकं, आणि बसमध्ये कव्हर कोणाला दिसत नाही. मिल्स अँड बून ही इंग्लंडची प्रणयकादंबऱ्या काढणारी प्रकाशनसंस्था 1908 पासूनची, 1971 मध्ये कॅनडाच्या हार्लेक्विन प्रकाशनाने घेतली, आणि हार्लेक्विनने ई-बुकमध्ये फार लवकर उडी घेतली. आमच्याकडे तेव्हा ऑफिसच्या जाड्या मॉनिटरवर पीडीएफ वाचायची, तीही जेवणाच्या सुट्टीत, फॉन्ट इन्स्टॉल नसला की मराठीच्या जागी नुसती चिन्हं. मायक्रोसॉफ्ट रीडर हे ई-बुक वाचायचं सॉफ्टवेअर 2000 साली आलं आणि 2012 ला बंदही झालं, त्या फॉरमॅटमधली पुस्तकं लोकांची तशीच अडकली. ॲमेझॉनचं ई-रीडर किंडल 2007 च्या नोव्हेंबरात अमेरिकेत 399 डॉलरला आलं, पण मराठी पुस्तकं तिथे रीतसर यायला 2016 चा डिसेंबर उजाडला. एवढा उशीर झाल्यावर एका पिढीची वाचायची सवय तुटते, तसं झालं.

आणि म्हणूनच माझी मोठी तक्रार यंत्राची नाही, पुस्तकांची आहे. चंद्रकांत काकोडकरांच्या 'नीलांबरी' कादंबरीवरून 'दो रास्ते' हा हिंदी सिनेमा निघाला, एवढा खपणारा लेखक, पण त्यांच्या कादंबऱ्या शोधताना माझी दमछाक झाली. कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे, शकुंतला गोगटे, घराघरात वाचल्या गेलेल्या बायका, त्यांचंही तेच. कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं असतो, फडके 1978 ला गेले म्हणजे त्यांचं साहित्य 2039 ला मोकळं होणार, तोवर प्रकाशकांनी आणि वारसांनी मनावर घेतलं तरच. जी फार जुनी मोकळी झालीत, हरिभाऊ आपट्यांच्या काळातली, ती बहुतेक स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये मिळतात, म्हणजे पानाचा फोटोच. सहा इंचावर तो मुंगीएवढा दिसतो आणि फॉन्ट वाढवता येत नाही. आईसाठी निरुपयोगी.

विकत घेतलेल्या एका ई-बुकमध्ये तर घ चा ध झालेला, नायिका पानोपानी "धरी" जात होती, वेलांट्या शेजारच्या अक्षरावर गेलेल्या. स्कॅनवरून मशीनने अक्षरं ओळखली आणि नंतर कोणी डोळ्याखालून घातलंच नाही, एवढंच कारण. ऐन कबुलीच्या वाक्यात असं आलं की जीव जळतो. लिहिणारीने ते वाक्य किती जपून लिहिलं असेल!

त्यामुळे सावानाची, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाची, मेंबरशिप मी चालूच ठेवलीय, 1840 पासूनचं वाचनालय आहे, तिथे अशा कादंबऱ्या अजून हाताला लागतात. एकीच्या समासात पेन्सिलीने "शेवट वाचू नये" लिहिलेलं, त्याखाली दुसऱ्या अक्षरात "मी वाचला, चांगला आहे". हे ई-रीडरवर कुठून मिळणार.

घ्यायचा असेल तर : पिवळा लाइट असलेला घ्या, रंगीत स्क्रीनवर पैसे घालू नका, कादंबरीला त्याचा उपयोग नाही. पीडीएफच जास्त वाचणार असाल तर सहा इंच नकोच, दहा इंची बघा. आणि कुठलंही मराठी ई-बुक घेण्याआधी सॅम्पल उतरवून दोन-चार पानं नीट वाचा, वेलांट्या जागेवर आहेत का बघा, मगच पैसे भरा.