कॉम्प्युटर हार्डवेअर दुरुस्तीचा संध्याकाळचा क्लास, डोंबिवली: तीन महिन्यांनंतरचा अनुभव

माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, तीन पीसी आहेत आणि ॲडमिशनच्या दिवसात त्यातला एक जरी बसला तरी बाहेर रांग लागते. मागच्या पावसाळ्यात एक चालूच होईना, पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी. एका ठिकाणी नेला तर म्हणाले मदरबोर्ड गेला, साडेचार हजार गेले. तेव्हाच ठरवलं, आता आपणच शिकायचं. फी ७ हजार, आठवड्यातून तीन दिवस.

या क्लासचं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे सर पार्ट बदलायला आधी हातच लावू देत नाहीत. आम्हाला चहाला पाठवतात आणि तेवढ्यात प्रत्येक मशीनमध्ये काहीतरी बिघाड करून ठेवतात, आल्यावर शोधा. माझ्या मशीनला डिस्प्ले नव्हता, मी लगेच एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज देणारा पॉवर सप्लायचा डबा, काढायला निघाले तर सर म्हणाले, "ताई, आधी ऐका तरी." बोर्डाला छोटा स्पीकर लावला होता, त्यातून लांब लांब बीप येत होते, म्हणजे त्या बोर्डावर रॅमची तक्रार. रॅम काढली, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने हलक्या हाताने घासल्या, चुरा ब्रशने झटकला, परत बसवताना कट् आवाज येईपर्यंत दाबली आणि स्क्रीन आली! खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं, कारण ते साडेचार हजार आठवले.

पंखा फिरतोय म्हणजे सप्लाय ठीक असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. इथे मल्टीमीटर लावून दाखवला, पिवळ्या वायरवर १२ व्होल्ट हवेत, ११.४ ते १२.६ मध्ये चालतं, आणि आमच्या समोरच्या सप्लायचा पंखा मस्त फिरत होता पण रीडिंग १०.९. एसएमपीएस मात्र उघडायचा नाही, प्लग काढला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, हे सर दर आठवड्याला बजावतात आणि ते बरोबरच आहे.

दुकानातला एक जुना त्रास पण सुटला. एका पीसीवर रोज सकाळी सरकारी साइट उघडायच्या नाहीत, सर्टिफिकेट एरर यायची, मी इंटरनेटवाल्यालाच फोन करायचे. क्लासमध्ये कळलं की तारीख मागे जातेय. पीसी बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा बोर्डावरचा सीआर २०३२ सेल बदलला, तीन व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानात पण मिळतो. तेव्हापासून एकदाही एरर नाही. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या यायच्या ते पण अर्थिंग नसल्यामुळे, लगेच वायरमन बोलावला.

कमी काय ते पण सांगते. मशीन जुनी आहेत, बहुतेक डीडीआर३ म्हणजे जुन्या पिढीची रॅम असलेली, एनव्हीएमई एसएसडी (नव्या प्रकारची वेगवान डिस्क) एकच आणि तो सरांच्या हातातच बघायचा. लॅपटॉप जेमतेम चार दिवसात उरकला, तो खूप वाढवायला पाहिजे, कारण गिऱ्हाईक आता लॅपटॉपच घेऊन येतं. एका मशीनवर तिघं बसतो. एका शनिवारी मुंबईतल्या कॉम्प्युटर पार्टच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडला नेलं होतं, तिथे बॉक्सवरची वॉरंटी आणि बिलावरचा सिरीयल नंबर जुळवून घ्यायला शिकवलं, तो दिवस फार कामाचा.

लावणार असाल तर सातची बॅच घ्या, सर तेव्हा घाईत नसतात. आणि मल्टीमीटर स्वतःचा न्या, तिथे दोनच आहेत आणि एकाची लाल वायर सैल आहे.