पॉइंट टू-टूची नळी: दोरी की सळई?

पावसाळ्यात सांगलीची हवा अशी दमट होते की कपाटातल्या वह्याही सर्दावतात. त्यामुळे नेमबाजीच्या रेंजवरून आलं की पॉइंट टू-टू (.२२ बोअरच्या) रायफलची नळी पुसायची, यावर आम्हा नेमबाजांचं एकमत. कशानं पुसायची, नळीतून ओढायच्या सफाईच्या दोरीनं की चिंधी-ब्रश लावायच्या सळईनं, यावर मात्र कायमचा वाद.

दोरीचं काम दोन मिनिटांचं. बोल्ट (नळी मागून बंद करणारा दांडा) काढायचा, चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, रिकामं आहे ना ते डोळ्यांनी बघायचं, मागून दोरी सोडायची आणि तोंडाकडून सरळ ओढायची. तिरकी नको. या गोळीचं शिसं मऊ, वर मेणाचा किंवा ग्रीसचा थर; रोजच्याला एवढं पुरतं. पण चेंबरच्या लगेच पुढे काजळीचं जे टणक कडं धरतं, ते दोरीला दाद देत नाही.

तिथं सळईच. एकसंध, कोटिंगवाली, आणि बोअर गाइड (सळई नळीत मधोमध ठेवणारी नळकांडी) लावून मागूनच. आधी काजळी सुटवणाऱ्या सॉल्व्हंटची ओली चिंधी, जरा मुरू द्यायचं, मग ब्राँझचा ब्रश, शेवटी कोरड्या चिंध्या. पहिली चिंधी तव्याच्या बुडासारखी काळी निघते. घाईत पुढून सळई खुपसणाऱ्यांना मी हात जोडतो: तोंडाची कड घासली की नेम गेला.

सळईची खोड एकच. नळी लख्ख झाली की आत पुन्हा मेण बसेपर्यंत पहिल्या काही गोळ्या भरकटतात, आणि ५० मीटरवर निशाणावरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिमीचं! म्हणून स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी फक्त दोरी ओढतो. सळई बाहेर येते ती निशाणावर गोळ्यांचा गट पसरायला लागल्यावरच.