शुगर आणि बीपी दोन्ही: टेल्मिसार्टन, ॲम्लोडिपिन की क्लोरथॅलिडोन?

शुगर आहे, पोट सुटलंय (कंबर पुरुषात 90, बाईत 80 सेंमीच्या वर), ट्रायग्लिसराइड वाढलेले आणि आता बीपी 144/88. गोळी कोणती, हे ठरवताना बीपीच्या आकड्याइतकाच लघवीचा रिपोर्ट महत्त्वाचा: अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, म्हणजे लघवीतून किती प्रथिन झिरपतंय त्याचं माप. तो 30 च्या (मिलिग्रॅम प्रति ग्रॅम) आत असेल तर तिन्हींपैकी कुठलीही चालते. वर असेल तर आधी टेल्मिसार्टनच, किंवा त्याच गटातली दुसरी. मात्र ताप किंवा लघवीचा जंतुसंसर्ग असतानाही रेशो वाढतो. बरं वाटल्यावर पुन्हा तपासा.

टेल्मिसार्टनने किडनीच्या गाळणीतून बाहेर पडणारी रक्तवाहिनी सैलावते, गाळणीवरचा दाब उतरतो, प्रथिनं झिरपणं कमी होतं. दुसऱ्या गटातली बीपीची गोळी रामिप्रिल, तीही हेच करते, पण काहींना तिने कोरडा खोकला लागतो. दोन्ही एकत्र मात्र घ्यायची नाहीत: ऑनटार्गेट चाचणीत (2008) जास्तीचा फायदा दिसला नाही, किडनीचा त्रास वाढला. गोळी सुरू करण्याआधी आणि नंतर एक-दोन आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं) आणि पोटॅशियम तपासा. क्रिएटिनिन 30 टक्क्यांपर्यंत वाढलं तर घाबरून गोळी सोडू नका. पोटॅशियम 5.5 च्या वर गेलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. इथे घरोघरी होणारी चूक म्हणजे ‘लो सोडियम’ मीठ. त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. या गोळीबरोबर ते धोक्याचं. त्यापेक्षा साधंच मीठ कमी करा, लोणचं-पापड ताटातून काढा. गरोदरपणात ही गोळी चालत नाही.

ॲम्लोडिपिनला रक्त तपासत बसावं लागत नाही, शुगरही वाढत नाही. त्रास घोट्यांचा: संध्याकाळी मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ खोल उमटतो, 5 पेक्षा 10 मिलिग्रॅमवर फारच जास्त. हे अंगात पाणी साठणं नव्हे. बारीक रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपतो, म्हणून लघवीची गोळी देऊन सूज उतरत नाही. डोस कमी केला किंवा टेल्मिसार्टन जोडलं की उतरते.

क्लोरथॅलिडोन स्वस्त, आणि असर पूर्ण दिवसभर. पण पोटॅशियम घटतं, शुगर आणि युरिक ॲसिड चढतं. वयस्कांत सोडियम उतरून गळाठा येतो, बोलणं असंबद्ध होतं. म्हणून आम्ही ती तिसरी गोळी म्हणून, 6.25 ते 12.5 मिलिग्रॅममध्येच पसंत करतो.

जुन्या चिठ्ठीत ॲटेनोलॉल (हीही बीपीचीच गोळी) असेल तर शुगर उतरताना होणारी धडधड झाकली जाते; घाम तेवढा फुटतो, त्यावर लक्ष ठेवा. स्वतःहून एकदम बंद करू नका.

बीपी 150/90 च्या पुढे असेल तर पहिल्यापासून दोन: टेल्मिसार्टन 40 आणि ॲम्लोडिपिन 5, एकाच गोळीत मिळतात. लक्ष्य 130/80 च्या आत.

डोस वाढवण्याआधी दंडाचा घेर मोजा. 32 सेंमीच्या वर असेल तर नेहमीचा पट्टा बीपी उगाच जास्त दाखवतो, मोठा पट्टा हवा. मग उभं राहून 1 आणि 3 मिनिटांनी बीपी घ्या. वरचा आकडा 20 ने घसरला तर डोस वाढवू नका, आधी डॉक्टरांना सांगा. आणि जुलाब-उलट्या सुरू झाल्या, पोटात काही टिकेना, तर टेल्मिसार्टन व क्लोरथॅलिडोन खाणंपिणं सुरळीत होईपर्यंत थांबवायचं का, हे डॉक्टरांना आजच विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या.