गूगल अर्थ टाइमलॅप्स: तुटलेलं जंगल दिसतं, सुधारलेलं शेत नाही

गेले चार-पाच दिवस रात्री जेवण झालं की हेच उघडून बसतोय, म्हटलं लिहूनच टाकू. गूगल अर्थमध्ये टाइमलॅप्स म्हणून सोय आहे, फुकट आहे, 1984 पासूनचे उपग्रहाचे फोटो एकामागून एक फिरतात आणि कुठलीही जमीन वर्षागणिक कशी बदलत गेली ते बसल्या जागी बघता येतं.

आधी ब्राझीलचं रोंडोनिया राज्य काढा, अ‍ॅमेझॉनच्या जंगलातलं. सुरुवातीला गडद हिरवं रान आणि त्यातून जाणारी एक रेघ. तो बीआर-364 रस्ता, वर्ल्ड बँकेच्या कर्जातून 1984 लाच पक्का झालेला. बघता बघता त्याला काटकोनात फाटे फुटतात, फाट्यांच्या दोन्ही अंगांनी जंगल खरवडलं जातं आणि काही सेकंदांत माशाच्या काट्यांचा सांगाडा उरतो. पोटात कालवतं हो. गरिबांना जमीन मिळेल म्हणून तिथे माणसं वसवली, पण जाळलेल्या झाडांच्या राखेचा जोर दोन-चार हंगाम टिकतो, मग माती हात वर करते, मग तिथे गवत आणि गुरं, जमीन मोठ्या रँचवाल्याकडे आणि कितीतरी कुटुंबं पुढचं जंगल तोडायला निघालेली. शेती वाढली, कुटुंबाची परिस्थिती होती तशीच.

बोलिव्हियात सांता क्रूझच्या पूर्वेला झूम केलं तर चाकाच्या आऱ्यांसारखी शेतं दिसतात, मधोमध वस्ती, शाळा, चर्च, फुटबॉलचं मैदान. डोंगराळ पठारावरून आणून वसवलेल्या लोकांसाठी आखलेली ही गावं, मी तर बराच वेळ तिथेच अडकलो. आजूबाजूला मात्र निर्यातीच्या सोयाबीनचे लांबलचक पट्टे वाढतच जातात.

आता पाचातला एक स्टार का कापला ते. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर देशात माराडी, झिंडर भागात शेतकऱ्यांनी नवी जमीन न तोडता आहे त्याच शेतातल्या खुंटांचे धुमारे राखले, झाड सरकारचं नाही आपलं असं वाटायला लागल्यावर तर जास्तच राखले, आणि साधारण 50 लाख हेक्टरवर झाडं परत आली. गाओ म्हणून एक झाड आहे, ते पावसाळ्यात पानं गाळतं, म्हणजे बाजरी उभी असताना सावली नाही आणि कोरड्या दिवसांत गुरांना शेंगा. गावं टिकवणारं खरं काम हे आहे असं मला मनापासून वाटतं. पण मी मोठ्या आशेने तिथे गेलो तर स्क्रीनवर नुसतं भुरकट रान. जुन्या फोटोंत एक ठिपका म्हणजे 30 बाय 30 मीटर, त्यात सुटंसुटं झाड विरूनच जातं.

तरी चार स्टार. मोबाईलवर नको, मोठ्या स्क्रीनवर बघा, आणि रोंडोनिया एका दमात पळवू नका, एकेका वर्षाला थांबवून बघा.